गाणे पहिल्या क्रमांकावर, खाते तोट्यात: रूथ ब्राउन यांच्या रॉयल्टीचा हिशेब

२०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता अवघ्या दोन रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी महाराष्ट्रात बहुतेकांना आठवत असेल. त्या पट्टीत खोटे काही लिहिलेले नव्हते. हमालाने पोती उचलली होती, गाडी खरोखरच बाजारापर्यंत आली होती, आणि मधल्या प्रत्येकाला आपापले पैसे मिळाले होते. फक्त सगळ्यांचा खर्च एकाच माणसाच्या मालातून कापला गेला होता.

गाण्याच्या धंद्यातही अशीच पट्टी निघते. कोट्यवधी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या गायकाला नेमके किती मिळाले, यावर हल्ली अधूनमधून वाद पेटतो, आणि सामान्य श्रोता गोंधळून जातो, कारण त्याच्या मते गाणे गाजले म्हणजे गाणारा श्रीमंत झालाच पाहिजे. हा गोंधळ सोडवायला आजचे उदाहरण फारसे उपयोगी पडत नाही. आजचे करार बंद कपाटात असतात. त्यापेक्षा सत्तर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी गायिकेचा हिशेब पाहणे बरे, कारण तिच्या भांडणामुळे ती खातेवही जगासमोर उघडी झाली. तिचे नाव रूथ ब्राउन. १९५०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्या भागात तिची पाच गाणी अमेरिकेतल्या ‘रिदम अँड ब्लूज’ गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि १९८०च्या दशकात तिने आपल्या कंपनीकडे पैशांची विचारणा केली, तेव्हा उलट तिच्याकडूनच कंपनीला सुमारे तीस हजार डॉलर येणे असल्याचे उत्तर आले.

रूथ ब्राउन कोण होत्या?

व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावी १२ जानेवारी १९२८ रोजी त्यांचा जन्म झाला. सात भावंडांत त्या थोरल्या. वडील गोदीत मजुरी करत आणि चर्चमधल्या गायकवृंदाचे नेतृत्व करत. उन्हाळ्यात मुले नॉर्थ कॅरोलायनामध्ये आजीच्या शेतावर कापूस वेचायला जात. वडिलांच्या दृष्टीने चर्चबाहेरचे गाणे म्हणजे सैतानाचे गाणे होते, त्यामुळे मुलगी चोरून क्लबांमध्ये गाऊ लागली, आणि १९४५ साली, सतराव्या वर्षी, जिमी ब्राउन नावाच्या ट्रम्पेटवादकाबरोबर घर सोडून निघून गेली. आडनाव तिथून आले आणि आयुष्यभर राहिले. तो गृहस्थ आधीच विवाहित असल्याचे नंतर कळले.

पुढे लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात जेमतेम महिनाभर काम मिळाले आणि वॉशिंग्टन शहरात ते सुटले. वादकांना पेये आणून दिली म्हणून नोकरी गेली, असे त्या सांगत. खिशात घरी परतण्यापुरतेही पैसे नसताना ब्लँच कॅलोवे या स्वतः वाद्यवृंद चालवलेल्या बाईंनी त्यांना आपल्या क्लबात गायला उभे केले आणि त्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. तिथे त्यांचे गाणे ऐकलेल्या विलिस कोनोव्हर या नभोवाणी निवेदकाने न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीला कळवले. ही कंपनी तुर्कस्तानच्या राजदूताचा मुलगा अहमेट एर्तेगून आणि हर्ब अब्रामसन यांनी १९४७मध्ये, एका दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन काढली होती.

ऑक्टोबर १९४८मध्ये न्यूयॉर्कच्या वाटेवर पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर इथे त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि दोन्ही पाय जायबंदी झाले. कित्येक महिने इस्पितळात गेले, आणि अटलांटिकबरोबरचे नाते त्या खाटेवरच पक्के झाले. एकविसाव्या वाढदिवसाला एर्तेगून भेटायला आले ते स्वर लावायची पिपाणी, लिहायला मोठी वही आणि स्वरलिपी वाचायला शिकवणारे एक पुस्तक घेऊन. करार वाचायला शिकवणारे पुस्तक त्या भेटवस्तूंत नव्हते. १९४९च्या मे महिन्यात पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा त्यांच्या काखेत कुबड्या होत्या.

‘रिदम अँड ब्लूज’ म्हणजे काय?

त्याच वर्षाच्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी व्यापारी साप्ताहिकाने आपल्या एका यादीचे नाव बदलले. काळ्या लोकांनी गायलेल्या आणि मुख्यतः काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या तबकड्यांना तोवर ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, म्हणत असत. तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर यांनी ‘रिदम अँड ब्लूज’ हा शब्दप्रयोग सुचवला. पुढे हेच वेक्सलर १९५३मध्ये अटलांटिकचे भागीदार झाले.

म्हणजे हे नाव आधी बाजारपेठेचे आहे आणि मग संगीतप्रकाराचे. तरी त्या बाजारात खपणाऱ्या संगीताला स्वतःचे रूप होतेच. ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या दुःखगीतांचा शोक आणि चर्चच्या गाण्यातली हाक त्यात होती, नाचायला लावणाऱ्या लहान वाद्यवृंदाची गती होती, आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा ठोका होता. आपल्याकडे टाळी सहसा समेवर पडते. या संगीतात ती समेनंतर पडते, आणि पाय तिथेच हलू लागतात. रूथ ब्राउन यांना खरे तर संथ, भावुक गाणी आवडत. कंपनीने त्यांना द्रुत गाण्यांकडे वळवले, आणि १९५० साली रुडी टूम्ब्स यांनी लिहिलेले ‘टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ त्या यादीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. शब्दाच्या शेवटी आवाज अचानक फुटून वर उडायचा, ती त्यांची खूण झाली. १९५३चे ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’ हे गाणे ऐकले की ती खूण लगेच कानात बसते. नवऱ्याच्या वागण्याची आईकडे केलेली ती तक्रार आहे, आणि तक्रार असूनही ठेका असा की रडणारीही नाचेल.

या यशामुळे अटलांटिकला ‘रूथने बांधलेले घर’ असे म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमला बेसबॉलपटू बेब रूथ यांच्यावरून हेच टोपणनाव होते, त्यावरची ही कोटी. कोटी गमतीची असली तरी तिच्यात तथ्य होते. उसन्या दहा हजारांवर सुरू झालेली ही कंपनी १९६७मध्ये १ कोटी ७५ लाख डॉलरांना विकली गेली. घर बांधणाऱ्या बाईंचा त्या विक्रीत वाटा नव्हता. त्या मालक नव्हत्या, त्यामुळे कायद्याने तो असायचे कारणही नव्हते. मात्र प्रश्न इथूनच सुरू होतो.

एका तबकडीत किती जणांचे पैसे असतात?

श्रोत्याला गाणे ही एकच वस्तू वाटते. कायद्याच्या नजरेत तिच्यात निदान दोन वस्तू असतात. पहिली म्हणजे शब्द आणि चाल, जी कागदावर उतरवता येते. ती गीतकार-संगीतकाराची, आणि बहुधा त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी म्हणजे ते गाणे विशिष्ट आवाजात, विशिष्ट दिवशी ध्वनिमुद्रित झालेले रूप, ते कंपनीचे. गायक या दोन्हींच्या मध्ये उभा असतो. त्याच्याशिवाय दुसरी वस्तू जन्मालाच येत नाही, पण मालकी मात्र दोन्हींपैकी कशाचीच त्याच्याकडे नसते. त्याच्याकडे असतो तो कंपनीबरोबरचा एक करार, आणि त्या करारातली रॉयल्टी.

अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात. ते गोळा करणारी पहिली संस्था १९१४पासून आहे. त्याच वाजण्याबद्दल गायकाला आणि कंपनीला काहीही मिळत नाही. केंद्रचालकांचा युक्तिवाद असा की आम्ही गाणे वाजवतो म्हणून तबकडी खपते, म्हणजे आम्हीच तुमची फुकट जाहिरात करतो. रूथ ब्राउन यांनी आपली गाजलेली गाणी स्वतः लिहिलेली नव्हती. त्यामुळे देशभरातल्या केंद्रांवर त्यांचा आवाज दिवसाला कितीही वेळा घुमला तरी त्यातून त्यांना मिळणारी रक्कम शून्य होती. उरली ती तबकडीच्या खपावरची रॉयल्टी.

रॉयल्टी कुठे गडप होते?

रॉयल्टी म्हणजे विकलेल्या प्रत्येक नगामागे ठरावीक टक्का. त्या काळी काळ्या गायकांच्या करारांत हा टक्का एक ते पाचच्या दरम्यान असे. टक्का लहान होता, पण खरी गोम त्यात नव्हती. ती होती वसुलीच्या कलमात.

ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल मजूर कशी फेडतो, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आधी हातात पैसे येतात, मग तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ते वळते होतात, आणि हंगाम संपताना उचल फिटली नसेल तर ती पुढच्या हंगामावर चढते. ध्वनिमुद्रणाच्या करारातही गायकाला दिलेले पैसे ही उचलच असते. फरक असा की इथे गायकाच्या नावावर त्याने घेतलेल्या पैशांबरोबरच वादकांचे मानधन आणि ध्वनिमुद्रणाचा इतर खर्चही लिहिला जातो. ऊसतोड मजुराच्या नावावर कारखान्याच्या यंत्राचे भाडेही टाकल्यासारखे हे झाले.

आकडे मांडून पाहू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्याही कराराचे नाहीत. तबकडीची किंमत एक डॉलर धरा आणि गायिकेची रॉयल्टी पाच टक्के, म्हणजे पाच सेंट. कंपन्या शंभर तबकड्यांपैकी नव्वदांवरच रॉयल्टी देत, म्हणून प्रत्यक्षात पडतात साडेचार सेंट. ध्वनिमुद्रणाला दोन हजार डॉलर लागले. तबकडी छापणे, पोचवणे, दुकानदाराची दलाली, गीतकाराचे पैसे हे सगळे वजा जाऊन कंपनीला नगामागे वीस सेंट उरतात असे धरू. दहा हजार तबकड्या विकल्या की कंपनीचे दोन हजार डॉलर वसूल झाले. गायिकेच्या खात्यावर मात्र तेच दोन हजार साडेचार-साडेचार सेंटांनी फिटायचे आहेत, आणि त्यासाठी साधारण साडेचव्वेचाळीस हजार तबकड्या खपाव्या लागतात.

दहा हजारांपासून साडेचव्वेचाळीस हजारांपर्यंतचा हा जो पट्टा आहे, त्यात कंपनी नफ्यात असते आणि गायिका कर्जात. एकच खर्च दोन वेगवेगळ्या वेगांनी वसूल होतो, आणि ‘अजून वसुली झालेली नाही’ हे वाक्य कागदोपत्री खरे राहते. लेखापाल खोटे न बोलताही हे सांगू शकतो.

आता यात आणखी एक कलम घाला. एका गाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करण्याची मुभा कंपनीला असते. म्हणजे एक गाणे गाजून खाते जेमतेम शिलकीत आले, की पुढची न चाललेली चार गाणी ते पुन्हा खाली ओढतात. शिवाय कुठली गाणी ध्वनिमुद्रित करायची, किती वादक बोलवायचे, हे ठरवण्याचा अधिकार बव्हंशी कंपनीचाच.

दहा टक्के फुटतूट

नव्वद टक्क्यांवर रॉयल्टी देण्याची रीत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई. आपल्या जंगलांतल्या किड्यांनी केलेल्या रेझिनावर अमेरिकेतला ब्लूज कोरला जात होता, ही एक मौजेची गोष्ट. लाख ठिसूळ. वाहतुकीत तबकड्या तडकत, म्हणून शेकडा दहा नग फुटतूट धरून वजा केले जात. यात अन्याय नव्हता. पण पुढे विनाइलच्या, सहजी न फुटणाऱ्या तबकड्या आल्या, लाखेच्या बंद झाल्या, आणि अनेक करारांमधले फुटतुटीचे दहा टक्के तसेच राहिले. करारातली वजावट एकदा रूढ झाली की तिचे कारण मेले तरी ती मरत नाही. आपल्या बाजारांतल्या कित्येक कपातींचा इतिहासही याहून वेगळा नसावा.

पण जोखीम कंपनीचीच होती ना?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. बहुतेक तबकड्या चालत नसत. न चाललेल्या गाण्याचा खर्च गायकाच्या खात्यावर लिहिला तरी तो त्याच्या घरावर जप्ती आणून वसूल केला जात नसे. भविष्यातल्या रॉयल्टीतूनच वळता व्हायचा. भविष्यच नसेल तर तो कंपनीच्या अंगावर पडे. दहा हजार डॉलर उसने घेतलेल्या छोट्या कंपनीला गाजलेल्या गाण्यांच्या कमाईतून पडलेल्या गाण्यांची भरपाई करणे भागच होते. अटलांटिक त्या काळच्या इतर अनेक छोट्या कंपन्यांहून सभ्य समजली जाई, हेही नोंदवले पाहिजे.

पण हा युक्तिवाद १९५२ साली जितका पटतो तितका १९८२ साली पटत नाही. जुनी गाणी पुन्हा पुन्हा नव्या संग्रहांत विकली जात होती, ध्वनिमुद्रणाचा खर्च दशकांपूर्वीच निघालेला होता, कंपनी एका मोठ्या समूहाचा भाग झाली होती; जोखीम उरली नव्हती, तरी वसुली चालूच होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिशेब पाठवणेच बंद झाले होते. उचल किती उरली हे मुकादमाने सांगितलेच नाही, तर मजुराने ती फिटल्याचे सिद्ध करायचे कसे?

‘करारावर सही त्यांनीच केली होती’ हा दुसरा आक्षेप. केली होती, एकविसाव्या वर्षी, मोडलेल्या पायांनी, ज्या बाजारात काळ्या गायिकेपुढे दुसरा चांगला करार जवळपास नव्हताच त्या बाजारात. सहीमुळे करार बांधील होतो हे मान्य. पण दोन्ही पारड्यांत सारखे वजन होते असे त्यावरून ठरत नाही.

मग त्या जगल्या कशावर?

कार्यक्रमांवर. त्या काळातल्या गायकांचा खरा रोजगार दौऱ्यांचा होता आणि तबकडी ही त्या दौऱ्यांची जाहिरात. दक्षिणेतल्या राज्यांत तंबाखूच्या गोदामांमध्ये कार्यक्रम होत. कुठे काळे आणि गोरे श्रोते यांच्यामध्ये दोर बांधलेला असे. एका गावातला कार्यक्रम आटोपून रातोरात दुसरे गाव गाठायचे, आणि वाटेत काळ्यांना खोली देणारे हॉटेल सापडेलच याची खात्री नाही. पैसे मिळत, चांगले मिळत. पण ते गाजत्या नावाचे पैसे होते. नाव मागे पडले की ते थांबणार होते.

नाव मागे पडण्याचे एक कारण त्यांच्या हातात अजिबात नव्हते. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे दुसरा कोणीही, गीतकाराला प्रत्येक नगामागे दोन सेंट देऊन, पुन्हा गाऊ शकत असे. त्यामुळे काळ्या गायकाचे गाणे गाजू लागले की मोठ्या कंपन्या तेच गाणे गोऱ्या गायकांकडून गाऊन घेत, आणि मोठ्या नभोवाणी केंद्रांवर ती आवृत्ती वाजे. रूथ ब्राउन यांचे १९५४चे ‘ओह, व्हॉट अ ड्रीम’ असेच पॅटी पेज यांनी गायले. शब्द आणि चाल यांना कायद्याचे संरक्षण होते, म्हणून गीतकाराला दोन्हीकडून पैसे मिळाले. गायकी, जागा, आवाज फेकण्याची तऱ्हा यांना संरक्षण नव्हते. अटलांटिकच्याच लाव्हर्न बेकर या गायिकेने याविरुद्ध १९५५मध्ये काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिले होते. कायदा बदलला नाही.

१९६१मध्ये रूथ ब्राउन अटलांटिकमधून बाहेर पडल्या. रॉक अँड रोलचा जमाना त्यांनीच घडवायला हातभार लावला होता, पण त्यात त्यांना जागा उरली नव्हती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोन मुलांना वाढवताना त्यांनी शाळेची बस चालवली, शिक्षकांच्या मदतनीस म्हणून काम केले, लोकांच्या घरची धुणीभांडी केली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर विनोदी नट रेड फॉक्स यांनी मदतीचा हात दिला आणि त्या पुन्हा रंगमंचावर आल्या.

खटल्याची मुदत संपली होती, तरी पैसे कसे मिळाले?

हॉवेल बेगल हे वॉशिंग्टनमधले वकील त्यांचे लहानपणापासूनचे चाहते. जुन्या तबकड्यांवर सही घ्यायला ते आले आणि या तबकड्यांची रॉयल्टी तुम्हांला मिळते का, असे त्यांनी सहज विचारले. उत्तर ‘नाही’ असे आल्यावर त्यांनी फी न घेता प्रकरण हाती घेतले. कायद्याने त्यांची बाजू लंगडी होती. न्यूयॉर्कच्या कायद्यात करारभंगाचा दावा सहा वर्षांच्या आत करावा लागतो, आणि इथे तर तीस-पस्तीस वर्षे उलटली होती.

म्हणून त्यांनी न्यायालयापेक्षा चव्हाटा निवडला. वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर प्रकरण गेले, रूथ ब्राउन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष दिली, आणि त्यांच्यासारख्या इतर जुन्या कलावंतांचीही खाती बाहेर येऊ लागली. योगायोग असा की कंपनीचा चाळिसावा वाढदिवस जवळ येत होता. मे १९८८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठा सोहळा ठरला होता, आणि घर बांधणारीच दारात हिशेब मागत उभी आहे हे चित्र कोणालाच परवडणारे नव्हते. सोहळ्याच्या तोंडावर अटलांटिकने रूथ ब्राउन आणि इतर पस्तीसेक कलावंतांची जुनी येणी माफ केली, मागच्या वर्षांची रॉयल्टी नव्याने मोजून देण्याचे मान्य केले, आणि गरजू कलावंतांना मदत करणाऱ्या रिदम अँड ब्लूज फाउंडेशन या संस्थेच्या उभारणीसाठी पंधरा-वीस लाख डॉलर दिले. रूथ ब्राउन यांच्या हाती आलेला पहिला धनादेश वीस हजार डॉलरांच्या आसपासचा होता. मला त्या रकमेपेक्षा उणे तीस हजारांवर मारलेली रेघ मोठी वाटते. ती रेघ मारली नसती तर पुढची प्रत्येक विक्री त्या खड्ड्यातच पडत राहिली असती.

त्यांचा स्वतःचा उत्तरार्ध मात्र वकिलाने नव्हे, त्यांच्या गळ्यानेच उजळला. १९८९मध्ये ‘ब्लॅक अँड ब्लू’ या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीतिकेसाठी त्यांना टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला, पाठोपाठ ग्रॅमी हा संगीतपुरस्कार मिळाला, आणि १९९३मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १७ नोव्हेंबर २००६ रोजी त्या वारल्या. अहमेट एर्तेगून त्याच वर्षी १४ डिसेंबरला गेले. भांडण होऊनही दोघांमधला जिव्हाळा तुटला नव्हता, असे दोघांच्याही बोलण्यावरून दिसते.

आपल्याकडे हा प्रश्न कसा सुटला?

हाच वाद १९६०च्या दशकात मुंबईत झाला. तबकड्यांच्या विक्रीवर संगीतकारांना रॉयल्टी मिळते, तर त्यात गायकांचाही वाटा असला पाहिजे, अशी भूमिका लता मंगेशकर यांनी घेतली. मोहम्मद रफी यांचे म्हणणे असे की गाण्याचे मानधन घेतले, तिथे गायकाचा हक्क संपला. मतभेद इतका विकोपाला गेला की काही वर्षे दोघांनी एकत्र गायचे बंद केले. दोघांच्या बाजू नीट पाहिल्या तर तो दोन स्वभावांपेक्षा दोन हिशेबपद्धतींचा वाद होता. रफी यांची पद्धत रोकड्याची: तबकडी चालो न चालो, आपले पैसे हातात. लताबाईंची पद्धत वाट्याची: गाणे जितकी वर्षे कमावेल तितकी वर्षे हिस्सा. रूथ ब्राउन यांना कागदावर वाटा होता आणि हातात रोकडाही फारसा नव्हता, म्हणजे दोन्ही पद्धतींतले वाईट तेवढे त्यांच्या वाट्याला आले.

भारतीय कायद्याला हा प्रश्न दिसायलाच उशीर लागला. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात गायकाला जागा नव्हती. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या एका प्रकरणात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा रचणाऱ्याला हक्क आणि गाणाऱ्याला काहीच नाही ही स्थिती भारतीय संगीताच्या प्रकृतीशी विसंगत आहे, अशी टिप्पणी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडली. ते बरोबर होते. ज्या संगीतात बंदिश दोन ओळींची आणि गाणे तासाभराचे, तिथे गाणारा हा निम्म्याहून अधिक रचनाकारच असतो. १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला, आणि २०१२च्या दुरुस्तीने असे ठरवले की गायकाने आपले गाणे चित्रपटात वापरायला लेखी संमती दिली असली, तरी त्याच्या व्यावसायिक वापरावरची रॉयल्टी त्याला मिळालीच पाहिजे. ती गोळा करण्यासाठी भारतीय गायकांची संघटना २०१३मध्ये नोंदवली गेली.

आता अमेरिकेत काय आहे?

१९९५पासून तिथे डिजिटल माध्यमांपुरता गायकाचा हक्क मान्य झाला आहे. उपग्रह रेडिओ आणि इंटरनेट रेडिओ यांनी भरलेल्या पैशांपैकी निम्मे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य गायकाला आणि ५ टक्के साथीदारांना जातात. महत्त्वाची गोष्ट अशी की गायकाचे हे ४५ टक्के कंपनीच्या खातेवहीतून न जाता थेट त्याच्या हाती येतात, त्यामुळे जुनी उचल त्यांतून कापता येत नाही. पण १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना राष्ट्रीय कायद्याचे संरक्षणच नव्हते, म्हणून रूथ ब्राउन यांचा सगळा सुवर्णकाळ या व्यवस्थेबाहेर राहिला. ते दार २०१८च्या कायद्याने उघडले, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. त्या कायद्याप्रमाणे १९४७ ते १९५६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षांचे संरक्षण आहे, म्हणजे १९५३ साली आईकडे केलेल्या त्या तक्रारीचे खाते २०६३च्या अखेरीपर्यंत उघडे राहील. तीच तक्रार अमेरिकेतल्या एखाद्या साध्या एफएम केंद्राने आज लावली, तर गायिकेच्या वारसांना मिळणारी रक्कम अजूनही शून्यच आहे.